दोन वर्षांची मुदत आणि आण्विक जीवशास्त्रज्ञाचे सायटेशन

आण्विक जीवशास्त्रातल्या, म्हणजे डीएनए-प्रथिनांसारख्या रेणूंच्या पातळीवर सजीवांचा अभ्यास करणाऱ्या, एखाद्या ज्येष्ठ संशोधकाचा परिचय छापून येतो, तेव्हा एकूण सायटेशन (इतरांच्या पेपरांत त्याच्या पेपरांचे आलेले संदर्भ) आणि एच-इंडेक्स (तो ४० म्हणजे किमान चाळीस वेळा उद्धृत झालेले चाळीस पेपर) हे दोन आकडे त्यात हमखास असतात. इतर शाखांतल्या लोकांचे आकडे त्यापुढे किरकोळ वाटतात. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स मांडला. त्याच निबंधात भौतिकशास्त्रातला सर्वांत मोठा आकडा ११० होता, जीवशास्त्रातला १९१. एवढी तफावत बुद्धीची नसते. जीवशास्त्रात माणसे जास्त, पेपर जास्त, पेपरांच्या शेवटच्या संदर्भयाद्याही लांब.

संदर्भ मोजायची कल्पना १९५५ ची. १९६४ मध्ये अशा संदर्भांची पहिली मोठी सूची बाजारात आली, त्याआधी जनुकशास्त्रावर तिची चाचणी झाली होती. जुन्या पेपरचा धागा पुढे कोणी उचलला हे शोधता यावे, एवढाच तिचा हेतू होता. माणसांना गुण देण्याचे नंतर सुचले.

खरा वाद आहे तो इम्पॅक्ट फॅक्टरच्या, म्हणजे नियतकालिकातल्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळाले या आकड्याच्या, दोन वर्षांचा. १९७५ पासून नियतकालिकांचे हे आकडे दरवर्षी निघू लागले आणि त्यात फक्त मागच्या दोन वर्षांतले पेपर धरायचे ठरले. दोनच का? तर जीवरसायनशास्त्र आणि आण्विक जीवशास्त्रात सुमारे चतुर्थांश संदर्भ मागच्या दोन वर्षांतल्या पेपरांचे असतात, असे दिसले होते. सूचीच्या ग्राहकांना या दोन शाखांत विशेष रस होता. म्हणजे एका वेगवान शाखेची चाल पाहून माप ठरले आणि ते सगळ्यांना लावले गेले. सह्याद्रीतल्या एखाद्या नव्या वनस्पतीचे वर्णन पंधरा वर्षांनी कोणी त्या कुळाचा आढावा घेताना उघडते; या हिशोबात ते वाचन शून्य. २००७ च्या आकड्यांपासून पाच वर्षांचा पर्यायही छापला जाऊ लागला, पण लोकांच्या तोंडी जुनाच आकडा राहिला.

जलद शाखेतही संथ कामाची हीच गत. ओसाकातल्या एका गटाला १९८७ मध्ये जिवाणूच्या डीएनएत ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारे तुकडे दिसले. त्यांचे काम काय, हे कळत नसल्याचे त्यांनी सरळ लिहून टाकले. या तुकड्यांचा जिवाणूच्या विषाणूंपासूनच्या बचावाशी असलेला संबंध प्रयोगाने सिद्ध झाला २००७ मध्ये. हेच तुकडे म्हणजे क्रिस्पर; त्यावरून निघालेल्या जनुक-संपादनाच्या तंत्राचे नोबेल २०२० चे.

दुसरीकडे, सायटेशनचा डोंगर बहुधा पद्धतीच्या पेपरांवर उभा राहतो. प्रथिने मोजण्याची १९५१ ची सेंट लुईसमधली पद्धत तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाली. आपला तो पेपर काही थोर नाही, असे तिच्या कर्त्यानेच पुढे लिहिले. प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या, प्रयोगशाळेत रोज लागणाऱ्या जेलची १९७० ची पद्धत तर विषाणूचे डोके कसे घडते यावरच्या पेपरमध्ये आली होती. सर्वाधिक उद्धृत झालेल्या शंभर पेपरांच्या २०१४ च्या यादीत डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा पेपर नव्हता. पाठ्यपुस्तकात गेलेल्या शोधाला संदर्भ द्यायचे लोक सोडून देतात.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी नियतकालिकाचा आकडा प्राध्यापकाच्या बढतीला जोडला: इम्पॅक्ट फॅक्टर एक ते दोन असला तर १० गुण जास्त, पाच ते दहा असला तर २५. पेपरच्या गुणांपैकी पहिला लेखक आणि करस्पाँडिंग ऑथर (पेपरबाबतचा पत्रव्यवहार पाहणारा लेखक) यांना मिळून ६० टक्के, बाकी सगळ्यांना मिळून ४०. आण्विक जीवशास्त्रात एका पेपरवर आठ-दहा नावे सहज असतात. मधल्या नावांनी वर्षानुवर्षे प्रयोगशाळेच्या ओट्याशी उभे राहून केलेले काम त्या वाटणीत जवळपास पुसले जात होते, आणि करस्पाँडिंग ऑथर बहुतेक वेळा प्रयोगशाळेचा प्रमुखच असतो.

या आकड्यांविरुद्धचा मोठा जाहीरनामा २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत पेशी-जीवशास्त्रज्ञांच्या वार्षिक बैठकीत आकाराला आला. म्हणजे ओरड झाली ती ज्यांना या आकड्यांचा सर्वाधिक लाभ होता त्यांच्याच घरातून. आपल्याकडे बनावट नियतकालिके रोखण्यासाठी २०१८ मध्ये मान्य नियतकालिकांच्या यादीची नवी व्यवस्था जाहीर झाली, तिचा कक्ष पुण्यातल्या विद्यापीठात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बंद करण्यात आली. कोणते नियतकालिक धरायचे, हे आता ज्या त्या संस्थेने ठरवायचे आहे.