सुरुंगविरोधी नौका (भारतीय नौदल)

समुद्रात पेरलेले पाणसुरुंग हुडकून निकामी करणारी लहान युद्धनौका. तिचे मुख्य प्रकार दोन: माइनस्वीपर आणि माइनहंटर. माइनस्वीपर मागे पोलादी तार ओढत नेते. तारेवरच्या कात्र्यांनी सुरुंगाचा नांगरदोर तुटतो, सुरुंग वर येतो आणि गोळ्या झाडून तो फोडतात. लोखंडाच्या चुंबकत्वाने किंवा इंजिनाच्या आवाजाने फुटणाऱ्या सुरुंगांना फसवायला विजेची केबल आणि आवाज करणारे यंत्र ओढावे लागते. माइनहंटर सोनारने, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालच्या वस्तू हुडकणाऱ्या यंत्राने, समुद्राचा तळ तपासते, एकेक सुरुंग शोधते आणि डायव्हर किंवा दूरनियंत्रित यंत्र पाठवून तो जागीच संपवते. सोलापुरी स्वयंपाकघराच्या हिशेबात एक ज्वारी पाखडते, दुसरी खडे वेचते. नौकेने स्वतःच सुरुंग फोडू नये म्हणून तिचा सांगाडा लाकूड, फायबरग्लास किंवा कमी चुंबकीय पोलादाचा करतात.

या नौकांच्या सेवेच्या इतिहासात लढाया क्वचितच सापडतात. काम चोख झाले तर काहीच घडत नाही आणि नोंदीही कोरड्याच राहतात. ठळक अपवाद ‘बेंगाल’चा. ऑस्ट्रेलियात बांधलेली ही सुमारे साडेसहाशे टनांची माइनस्वीपर रॉयल इंडियन नेव्हीत होती. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीला असताना तिला होकोकू मारू आणि ऐकोकू मारू या जपानी सशस्त्र जहाजांनी गाठले. दोन्ही दहा हजार टनांवरची. ‘बेंगाल’ पळाली नाही, सरळ त्यांच्या अंगावर गेली. होकोकू मारू स्फोट होऊन बुडाले. निर्णायक गोळा कोणाचा, हा वाद उरला. ‘बेंगाल’ आणि ‘ओंदिना’ दोन्ही वाचल्या.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश बनावटीच्या नौका आल्या, पुढे सोव्हिएत. १९७८ ते १९८८ या काळात पाँडिचेरी वर्गाच्या १२ नौका दाखल झाल्या. त्यांत ‘रत्नागिरी’ आणि ‘कोकण’ होत्या. उथळ पाण्यासाठीच्या छोट्या नौकांत ‘मालवण’ होती. पाँडिचेरी वर्गातली शेवटची, ‘कोझिकोड’, एप्रिल २०१९ मध्ये विशाखापट्टणमला निवृत्त झाली.

त्याच विशाखापट्टणमच्या मुखाशी डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ बुडाली. बंदराच्या वाटेवर सुरुंग पेरणे हे तिच्या कामांपैकी एक होते. तिथला जहाजबांधणी कारखाना सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया या जहाज कंपनीने उभारला. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांनी त्याची कोनशिला बसवली आणि १९४८ मध्ये तिथे बांधलेली ‘जलउषा’ ही बोट पाण्यात उतरली. समुद्र नसलेल्या सोलापूर जिल्ह्याचा बंदरांशी आजही रोजचा व्यवहार आहे. इथले टॉवेल परदेशी जातात ते न्हावाशेवासारख्या बंदरांतून, आणि बंदराच्या मुखाशी सुरुंग असल्याचा नुसता संशयही वाहतूक थांबवायला पुरतो.

‘कोझिकोड’नंतर नौदलाकडे माइनस्वीपर उरली नाही. गोवा शिपयार्डमध्ये दक्षिण कोरियाच्या कांगनाम कंपनीच्या साहाय्याने १२ नौका बांधायच्या होत्या. ती बोलणी २०१८ मध्ये मोडली. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अशा नौकांच्या खरेदीची गरज नव्याने मान्य केली. ही खरेदीची पहिली पायरी; निविदा आणि करार त्यानंतर येतात.