कॉडच्या अंड्यांना तरंगायला पाणी हवे

२३ जुलै २०१९ रोजी युरोपीय आयोगाने पूर्व बाल्टिक समुद्रातील कॉडच्या व्यापारी मासेमारीवर तातडीची बंदी जाहीर केली. ती लगेच अमलात आली आणि वर्षअखेरपर्यंत राहिली. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही बंदी दरवर्षी ठरलेलीच असते, त्यामुळे होड्या कधी शाकारायच्या हे मच्छिमाराला आधीपासून ठाऊक असते. बाल्टिकमधली बंदी मात्र चालू हंगामात, मंजूर कोटा शिल्लक असताना आली. युरोपीय कायद्यानुसार समुद्रातील माशांच्या साठ्याला गंभीर धोका दिसल्यास आयोगाला जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी असा अधिकार वापरता येतो.

हा धोका नेमका काय होता, हे समजण्यासाठी कॉडच्या विणीकडे पाहावे लागते. बाल्टिक हा जवळजवळ कोंडलेला समुद्र आहे. महासागराच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तर बोर्नहोम बेटाजवळच्या पृष्ठभागावरील पाण्यात ते जेमतेम ७-८ ग्रॅम असतात. डेन्मार्कच्या अरुंद सामुद्रधुन्यांतून आत येणारे खारे पाणी जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसते. कॉडची मादी पाण्यात सोडते ती लाखो अंडी या हलक्या वरच्या पाण्यात तरंगू शकत नाहीत. ती बुडत जातात आणि जिथे क्षारता त्यांना तोलून धरते, त्या खोल थरात थांबतात. फलनासाठी क्षारता किमान ११ ग्रॅम आणि अंडी जगण्यासाठी दर लिटर पाण्यात किमान २ मिलिलिटर प्राणवायू लागतो. अडचण अशी की पुरेसे खारे असलेले हेच खोल पाणी साचून राहिल्यामुळे प्राणवायूला पारखे होते, कारण शेतांतून आणि सांडपाण्यातून आलेल्या पोषकद्रव्यांवर वाढलेले शेवाळ तिथे खाली पडून कुजते. वरचे पाणी अंड्याला पेलत नाही आणि खालचे त्याला जगू देत नाही. या दोहोंमध्ये जो पातळ थर उरतो, त्यावर सगळी वीण अवलंबून असते. ग्दान्स्क आणि गॉटलंड ही जुनी खोरी विणीसाठी जवळपास निकामी झाली असून आता बोर्नहोमचे खोरेच काय ते उरले आहे. डिसेंबर २०१४ मध्ये आला तसा खाऱ्या पाण्याचा मोठा लोंढा आत शिरला की हा थर काही काळ जाड होतो, पण असे लोंढे फार क्वचित येतात.

म्हणूनच बंदीला विरोध करणारे मच्छिमार विचारत होते, की दुखणे पाण्याचे असेल तर जाळी का थांबवायची? प्रश्न रास्त होता. आंतरराष्ट्रीय समुद्र संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांचा अंदाजही असाच होता, की मासेमारी पूर्ण थांबवली तरी २०२४ पर्यंत साठा सुरक्षित पातळीवर येणार नाही. तरीही त्यांनी २०२० साठी शून्य पकडीचा सल्ला दिला.

त्यामागचे सर्वांत महत्त्वाचे कारण मला अंड्याच्या आकारात दिसते. मोठ्या मादीची अंडी आकाराने मोठी असतात आणि अधिक तरंगतात, त्यामुळे ती प्राणवायू टिकून असलेल्या वरच्या थरात राहतात. शिवाय मोठी मादी एकाच हंगामात अधिक वेळा आणि अधिक काळ अंडी सोडते. लहान मादीची अंडी मात्र खोल जाऊन गुदमरतात. १९८०च्या दशकाच्या मध्यावर या साठ्यातून वर्षाला जवळपास ४ लाख टन कॉड काढला गेला, आणि जाळी नेहमी मोठे मासे आधी उचलतात. अशा रीतीने, बिघडलेल्या पाण्यात तग धरू शकतील अशी अंडी देणाऱ्या माद्याच आपण माणसांनी समुद्रातून काढून घेतल्या. पाण्याचे दुखणे आणि जाळ्याचे दुखणे वेगळे मानता येत नाही ते यामुळेच. उरलेले मासे कमी प्राणवायू, अपुरे अन्न आणि राखाडी सीलमार्फत पसरणारे यकृतातील कृमी यांमुळे खुरटले आहेत. पूर्वी ३५ ते ४० सेंटीमीटर लांबीला वयात येणारा कॉड आता सुमारे २० सेंटीमीटरलाच गाभोळी धरतो.

विणीच्या काळाचाही विचार करावा लागतो. पूर्व बाल्टिकमधील कॉड प्रामुख्याने उन्हाळ्यात वितो आणि त्या वेळी बोर्नहोमच्या खोऱ्यात दाटीने जमतो. पसरलेला मासा शोधावा लागतो, पण जमलेल्या थव्यातून ट्रॉल, म्हणजे होडीमागे ओढायचे जाळे, एकाच ओढीत भरून निघतो. त्यामुळे साठा किती घटला आहे हे पकडीवरून चटकन लक्षात येत नाही. त्यातच त्या ओढीत आलेल्या माद्यांची गाभोळी पाण्यात सुटायच्या आधीच होडीवर येते. जुलैअखेरच्या बंदीने त्या वर्षीच्या विणीचा केवळ उत्तरार्ध वाचवला. ती निदान वसंतात यायला हवी होती, असे मला वाटते.

पुढे २०२० साठी कोटा ९२ टक्क्यांनी कापून २,००० टनांवर आणला गेला आणि तोही फक्त इतर मासे पकडताना अनवधानाने सापडणाऱ्या कॉडसाठी. २०२१ साठी तो ५९५ टनांवर आला. कॉडसाठी मुद्दाम जाळे टाकण्याची परवानगी त्यानंतरही मिळालेली नाही. मात्र फ्लाउंडरसारख्या चपट्या माशांसाठी तळावरून ओढल्या जाणाऱ्या जाळ्यांत कॉड अजूनही सापडतोच, आणि त्यात एखादी मोठी मादी असली तर ज्यांना त्या पाण्यात जगण्याची सर्वाधिक शक्यता होती, ती अंडीही तिच्याबरोबर जातात.