मिठी नदी : प्रवाह व प्रवाहदिशा

मुंबईच्या साष्टी भागातील सुमारे १८ किमी. लांबीची नदी. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांचे पाणी एकत्र येऊन ती बनते आणि मरोळ, साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल या मार्गाने माहीमच्या उपसागराला मिळते. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला; तेव्हापासून तिचा ‘उगम’ म्हणजे सांडवाच. पावसाळा सरला की वरच्या टप्प्यात वाहते ते मुख्यतः सांडपाणी.

नावाचा संबंध कोणी मिठाशी, कोणी गोड पाण्याशी जोडतात. मराठीत गोडाला ‘मिठी’ म्हणत नाहीत, हा दुसऱ्या मतावरील आक्षेप. परंतु खाऱ्या पाण्यावरून नाव पडते तर ‘खारी’ अधिक स्वाभाविक होते. शिवाय मराठी ‘मीठ’ आणि हिंदी ‘मीठा’ यांचे मूळ एकच, संस्कृत मृष्ट किंवा मिष्ट (रुचकर), असे मानले जाते. खाडीकाठच्या वस्तीला गोड्या पाण्याचा ओहोळ वेगळा ओळखावा लागतो, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक संभवनीय वाटते. आलिंगनाशी सांधा जुळवणे हा निव्वळ शब्दखेळ.

प्रवाहाच्या दिशेने तोंड केले असता उजव्या हाताचा तो उजवा तीर, या संकेतानुसार वांद्रे-कुर्ला संकुल उजव्या तीरावर, तर धारावी डाव्या तीरावर येते. खाडीच्या टप्प्यात मात्र प्रवाह दिवसातून साधारण दोनदा उलटतो. भरती चढत असता माहीमच्या पुलावरून पाहिल्यास नारळ, पिशव्या, निर्माल्य धारावीकडे, म्हणजे वरच्या अंगाला जाताना दिसते; ओहोटी लागली की तेच समुद्राकडे परतते. खारे पाणी जड असल्याने तळाशी आत शिरते, गोडे वर तरंगते. त्यामुळे पाणी फिरण्याच्या वेळी पृष्ठभाग व तळ यांच्या दिशा भिन्न असू शकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा परिणाम अधिक आत पोहोचतो, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीत कमी.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, त्यातच भरती आल्याने निचरा तुंबला व कुर्ला, कलिना परिसर बुडाला. पुढच्याच महिन्यात नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. रुंदीकरण व खोलीकरणाने पात्रात पाणी अधिक मावते. मुखाशी भरतीची पातळी मात्र तीच राहते.