टाका आपला, माप घेणाऱ्याचं

एका सरकारी रुग्णालयात, नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाबाहेर, आम्ही चौघी चाळीस टोप्या घेऊन उभ्या होतो. लोकरीच्या, रंगीबेरंगी, काहींना वर गोंडा, काहींना हनुवटीखाली बांधायला नाडी. दीड महिना दुपारची झोप सोडून विणलेल्या. तिथल्या सिस्टरनी त्यातली एक उचलली आणि स्वतःच्या मुठीवर चढवली. टोपी घसरून मनगटावर आली. "ताई, आमचं आतलं बाळ एक किलो दोनशे ग्रॅमचं आहे," त्या म्हणाल्या. "डोकं मोठ्या मोसंबीएवढं." मग एकेक कारण सांगत गेल्या. गोंड्याचे तंतू सुटून नाकातोंडात जातात. नाडी गळ्याभोवती येऊ शकते. इथे सगळं कडक गरम पाण्यात धुतलं जातं, त्यात लोकर आटते. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही, आणि त्यांचं प्रत्येक म्हणणं बरोबर होतं.

हातानं केलेल्या वस्तू अनोळखी माणसाला देण्याच्या प्रथेमागचा इतिहास मी त्यानंतर शोधून वाचायला लागले. वाचताना ती मूठ सारखी आठवत राहिली. कारण या इतिहासात प्रेमाची, कष्टाची किंवा लोकरीची वाण कधीच नव्हती. अडत आलं ते मापापाशी.

आपल्याकडे मापाचा प्रश्न पूर्वी फारसा येत नसे, कारण घेणारं माणूस समोरच असे. बाळंतविडा आठवून पाहा. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची, आणि सोबत डिंकाचे लाडू. आत्या, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्यांचा हात त्याला लागलेला असे. अनेक घरांत बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नसत. आजीच्या जुन्या लुगड्याचं, आजोबांच्या धोतराचं कापड घेत. शंभर वेळा धुतल्यामुळे त्यातली खळ गेलेली असते, सूत मऊ पडलेलं असतं, शिवण आतल्या अंगाला टोचत नाही. कुणी शिकवलं नसलं तरी यात बाळाच्या कातडीचा पुरता विचार आहे. गोधडीचंही तेच. एकावर एक लुगडी अंथरून कडेपासून आत येत घातलेला धावदोरा, आणि तिची लांबी-रुंदी ठरते ती घरात कोण कुठे झोपतं त्यावरून. शिवणारी आणि पांघरणारा एकाच छपराखाली.

अनोळखी माणसासाठी गटानं बसून शिवायची रीत ख्रिस्ती परंपरेत फार जुनी. बायबलमध्ये याफो गावच्या तबीथाची गोष्ट आहे. ग्रीकमध्ये तिचं नाव दोर्कस. ती वारली तेव्हा गावातल्या विधवा रडत जमल्या आणि तिनं त्यांच्यासाठी केलेले अंगरखे उचलून दाखवू लागल्या. एवढाच प्रसंग, पण त्यावरून पुढे चर्चच्या आश्रयानं गरिबांसाठी कपडे शिवणारी 'दोर्कस मंडळं' निघाली. आयल ऑफ मॅन बेटावर डग्लस गावात १८३४ मध्ये कॉलऱ्याच्या साथीतून वाचल्याच्या कृतज्ञतेनं असं मंडळ सुरू झालं. तिथेही शिवणाऱ्या बायकांना गावातली गरीब घरं ठाऊक असत.

माप हातातून निसटलं ते युद्धांमुळे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटनमध्ये घराघरांत सुया निघाल्या. राणी मेरीच्या नावानं चालणाऱ्या नीडलवर्क गिल्डनं, म्हणजे शिवण-विणकाम करणाऱ्या मंडळानं, हाक दिली होती. युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांनी राणीकडे सैनिकांसाठी ३ लाख पायमोजांचे जोड आणि तेवढेच लोकरी कमरपट्टे मागितले. याच शरद ऋतूत हिंदुस्थानी फौजेच्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन फ्रान्सच्या मार्सेलिस बंदरात उतरल्या, त्याही उन्हाळी खाकीत. खंदकांत गुडघाभर थंड पाणी. पाय दिवसचे दिवस ओले राहिले की कातडी बधिर होते, सुजते, सडायला लागते. या दुखण्याला 'ट्रेंच फूट' असं नावच पडलं. त्यावर उपाय दोन: पायाला व्हेल माशाचं तेल चोळायचं आणि कोरडे मोजे पुन्हा पुन्हा बदलायचे. म्हणजे एका सैनिकाला एक जोड पुरणार नाही, सतत नवे लागणार.

मोज्याच्या टोकाशी थोडं थांबायला हवं, कारण विणणारीला ते लगेच कळेल. पायमोजा घोट्याकडून विणत आलं की बोटांपाशी दोन सुयांवर समोरासमोर टाके उरतात. ते नेहमीसारखे बंद करून शिवले की आत एक उंचवटा राहतो. घरात फिरणाऱ्याला तो जाणवतही नाही. ओल्या बुटात दहा मैल चालणाऱ्याची बोटं त्यानं सोलून निघतात. म्हणून तिथे दाभणात लोकर ओवून, एकदा पुढच्या सुईवरचा टाका, एकदा मागच्या सुईवरचा, असं विणीच्याच वळणानं ओढून घेतात. जोड बोटाला लागत नाही. ही पद्धत आज 'किचनर टाका' म्हणून ओळखली जाते. ती खुद्द किचनरनी काढली ही कथा सांगितली जाते, तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की सैनिकाच्या अंगठ्याला काय बोचतं याचा विचार त्या नावात राहून गेला.

त्याच महिन्यांत एक वाद झाला, आणि हे काम करणाऱ्या प्रत्येकीनं तो माहीत करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. युद्धामुळे कापडाच्या आणि शिवणाच्या धंद्यात मंदी आली होती, हजारो कामगार बायका घरी बसल्या होत्या. सुखवस्तू घरातल्या बायका जे शर्ट आणि मोजे फुकट करून देत होत्या, तेच करून या बायकांचं पोट भरत असे. कामगार पुढारी मेरी मॅकआर्थर यांनी हे उघडपणे मांडलं. राणीनं त्यांना बोलावून घेतलं, ऐकून घेतलं, आणि बेकार स्त्रियांना पगारी काम देण्यासाठी 'क्वीन्स वर्क फॉर विमेन' हा निधी उभा राहिला. आपलं फुकट देणं कुणाच्या ताटातलं काढून तर होत नाही ना, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इतक्या स्पष्टपणे विचारला गेला होता.

महाराष्ट्रात सुईचा इतिहास बराचसा या दुसऱ्या बाजूनं गेला. पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती सदन असो, धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला आश्रम असो, की रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये उभं राहिलेलं पुण्याचं सेवासदन असो. आधार गेलेल्या बाईला स्वतःच्या पायावर उभं करणं हा तिथला ध्यास, आणि शिवण-विणकाम हा त्या शिक्षणाचा भाग. त्या काळच्या आपल्या सुधारकांनी सुई बाईच्या हाती दिली ती दानासाठी कमी आणि मिळकतीसाठी जास्त. इथे दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत नांदल्या याचं मला मोल वाटतं.

मग १९६२. २० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला. ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीच्या काठी, हजारो फूट उंचीवर आपले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते, ही बातमी पुढे घरोघरी पोचली आणि लोकांच्या जिव्हारी लागली. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबरमध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' असं म्हटलं गेलं, आणि इकडे बायकांनी सुया उचलल्या. शाळांच्या शिवणाच्या तासाला, दुपारच्या ओट्यावर, सगळीकडे जवानांसाठी स्वेटर. माझी आजी त्यातली एक. तिनं जवान कधी पाहिला नव्हता. म्हणून तिनं आजोबांना दारात उभं केलं, हात पसरायला लावले, दोऱ्यानं छाती मोजली आणि "जवान जरा रुंद असणार" म्हणून त्यात चार बोटं वाढवली. कडेला दोन सुलट, दोन उलट. गळा मुद्दाम मोठा, डोक्यातून पटकन जावा म्हणून.

२१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. घरकाम सांभाळून पूर्ण बाह्यांचा स्वेटर व्हायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे त्यातले बहुतेक तोफा थंडावल्यानंतरच तयार झाले असणार. पण सीमेवरचा हिवाळा तेव्हा कुठे सुरू होत होता. आजीचा स्वेटर कुणाच्या अंगावर गेला हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ती चार बोटं मात्र ती नेहमी सांगायची.

त्यानंतरच्या काळात अंतर इतकं वाढलं की देणाऱ्याला घेणारा दिसेनासाच झाला. ऑस्ट्रेलियात फिलिप बेटाजवळ २००१ मध्ये तेलगळती होऊन ४३८ छोटे पेंग्विन तेलात माखले. चोचीनं पिसं साफ करताना ते तेल पोटात जाऊ नये म्हणून त्यांना तात्पुरते लोकरीचे स्वेटर घालतात. त्यातले ९६ टक्के बरे होऊन समुद्रात परतले. पुढे या स्वेटरची हाक जगभर फिरत राहिली आणि इतके स्वेटर आले की ते खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून विकावे लागले. त्यातून निदान निधी तरी उभा राहिला. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कपड्यांचे ढीगच्या ढीग रस्त्याकडेला पडले होते. ज्यांच्यासाठी आले त्यांना ते नको होते. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या 'गूंज' या संस्थेनं त्या ढिगांवर काम केलं. जुन्या सुती कापडाचे मासिक पाळीसाठी धुतलेले पॅड, चिंध्यांच्या गोधड्या, शाळेची दप्तरं अशा वस्तू ही संस्था करते. अंशू गुप्तांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आधी गावात जाऊन काय हवं ते विचारायचं, आणि गावकऱ्यांनी रस्ता, विहीर असं आपलंच काम उभं केलं की त्याचा मोबदला म्हणून कपडे द्यायचे, ही त्यांची रीत मला फार आदराची वाटते.

बाळांच्या टोप्यांकडे परत येते. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात एका रुग्णालयात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी आणि अपुऱ्या दिवसांची बाळं जास्त अशी स्थिती होती. एडगर रे सनाब्रिया या डॉक्टरांनी बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभं बांधायला सुरुवात केली. हीच पुढे 'कांगारू मदर केअर'. २०२१ मध्ये भारत आणि आफ्रिकेतले चार देश मिळून झालेल्या अभ्यासात, जन्मल्यापासून लगेच असं छातीशी धरलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू एक चतुर्थांशानं कमी झालेले दिसले. त्या वेळी बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपी एवढंच असतं. टोपी का, तर नवजात बाळाच्या लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा डोक्याचाच असतो, आणि उघड्या डोक्यावाटे ऊब झपाट्यानं जाते. त्याचं तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ द्यायचं नसतं.

याच बाळांसाठी २०१३ पासून डेन्मार्कमधून क्रोशाच्या छोट्या ऑक्टोपसची लाट आली. त्याचे पाय धरल्यावर बाळाला नाळ धरल्यासारखं वाटतं, असं सांगतात. वैद्यकीय पुरावा पक्का नाही आणि मी ते विणत नाही, पण त्या डॅनिश गटाचे नियम शिकण्यासारखे आहेत: फक्त सुती धागा, ६० अंशांवर धुता यायला हवा, आणि ताणल्यावर पाय २२ सेंटिमीटरपेक्षा लांब भरता कामा नये. म्हणजे बाळाच्या बोटाभोवती किंवा गळ्याभोवती काही गुंडाळलं जाणार नाही.

सिस्टरनी त्या दिवशी आमच्या टोप्या परत केल्या नाहीत. त्यांतल्या तेरा, गोंडे आणि नाड्या काढून, घरी जाणाऱ्या मोठ्या बाळांसाठी ठेवून घेतल्या. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी पेननं तीन आकडे लिहून दिले: २५, २८, ३१. सेंटिमीटरमध्ये, डोक्याचा घेर. खाली लिहिलं, 'सुती. पांढरा किंवा फिका रंग, म्हणजे डाग दिसतो.' तो पुठ्ठा आता माझ्या लोकरीच्या टोपलीत असतो. शेजारी शिंप्याची टेप. सध्या २८ सेंटिमीटरच्या चालू आहेत. अठ्ठावीस टोप्यांपैकी एकोणीस झाल्या, आणि प्रत्येकीचं शेवटचं टोक आत ओवून, गाठ न मारता, दोनदा उलट फिरवून घेतलंय.