मुक्तस्रोत लायब्ररी : सोर्सपासून बांधणी व देखभाल

अनेक प्रोग्रॅमना लागणारी फंक्शन्स एकदाच लिहून एका जागी ठेवलेला कोड म्हणजे लायब्ररी. ती स्वतःहून चालत नाही. एखादा प्रोग्रॅम तिला बोलावतो तेव्हाच तिचे काम सुरू होते. मुक्तस्रोत लायब्ररीचा सोर्स कोड सर्वांना उपलब्ध असल्यामुळे ती कोणालाही आपल्या यंत्रावर कंपाइल करता येते (म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणता येते), बदलता येते आणि परवान्याच्या अटी पाळून वाटताही येते. या नोंदीत लिनक्सवरील सी आणि सी++ लायब्रऱ्या गृहीत धरल्या आहेत. पायथनच्या कित्येक पॅकेजांच्या पोटातही अशीच एखादी सी लायब्ररी असते आणि पॅकेज बसवताना येणाऱ्या लांबलचक एररचे मूळ पुष्कळदा तिच्याच बांधणीत सापडते.

बांधणीची साधने : ‘मेक’ हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिले. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे मेकफाइलमध्ये नोंदवलेले असते. जिचा सोर्स तिच्यापेक्षा नवा आहे तेवढीच फाइल मेक पुन्हा तयार करते. मेकफाइलमधील कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. टॅबऐवजी स्पेस पडल्या की ‘मिसिंग सेपरेटर’ अशी एरर येते आणि नवशिक्याचा अर्धा तास जातो. १९९१ मध्ये आलेल्या ऑटोकॉन्फने ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्टची पद्धत रूढ केली : यंत्रावर कोणता कंपायलर, कोणती हेडर (लायब्ररीतील फंक्शन्सची ओळख करून देणाऱ्या फाइल), कोणती फंक्शन्स आहेत हे तपासून स्क्रिप्ट मेकफाइल लिहून देते. नंतरची सीमेक व मेसॉन ही साधनेही स्वतः कंपाइल करत नाहीत. ती मेक किंवा त्याच कामाच्या निंजा या साधनासाठी सूचना तयार करतात.

बांधणीची रीत : सोर्स दोन वाटांनी मिळतो, गिट रिपॉझिटरीतून (कोडचे सगळे बदल नोंदवलेले भांडार) किंवा रिलीजच्या टारबॉलमधून (प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीच्या फाइलचे एकत्र गाठोडे). ऑटोकॉन्फ वापरणाऱ्या प्रकल्पांत कॉन्फिगर स्क्रिप्ट टारबॉलमध्ये तयार असते; रिपॉझिटरीत ती सहसा नसते आणि आधी ‘ऑटोरीकॉन्फ’ चालवून बनवावी लागते. टारबॉलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) आणि बनवणाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या सर्व्हरवरून टारबॉल घेतला त्याच सर्व्हरवरचा चेकसम जुळला, तर फाइल वाटेत बिघडली नाही एवढेच कळते. ती कोणी बनवली हे स्वाक्षरीवरून कळते.

मग अवलंबने, म्हणजे आपल्या लायब्ररीला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या. दुसरी लायब्ररी यंत्रावर नुसती असून भागत नाही, तिच्या हेडर फाइलही लागतात. डेबियनमध्ये त्या ‘डेव्ह’ आणि फेडोरामध्ये ‘डेव्हेल’ असा प्रत्यय लावलेल्या पॅकेजात असतात. लायब्ररी डोळ्यांसमोर असताना कॉन्फिगर ‘सापडली नाही’ म्हणते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच.

बांधणी सोर्सपासून वेगळ्या डिरेक्टरीत करावी. सीमेक पहिल्या तपासणीचे निष्कर्ष कॅशमध्ये ठेवते; कंपायलर बदलला किंवा राहिलेली लायब्ररी नंतर बसवली तरी जुने उत्तर तसेच राहू शकते. अशा वेळी कॅश दुरुस्त करत बसण्यापेक्षा बिल्ड डिरेक्टरी पुसून टाकणे बरे. प्रीफिक्स (फाइल कुठे बसवायच्या ती जागा) दिला नाही तर फाइल ‘यूएसआर’खालील ‘लोकल’ शाखेत जातात आणि तेच योग्य आहे. थेट ‘यूएसआर’मध्ये बसवल्यास पॅकेज मॅनेजरच्या फाइलवर आपल्या फाइल चढतात आणि पुढच्या अपडेटला त्या निमूटपणे पुसल्या जातात.

मेकला समांतर कामांची संख्या देता येते आणि ती साधारणपणे प्रोसेसरच्या कोअरइतकी ठेवतात. मात्र टेम्पलेटने भरलेल्या सी++ कोडची एकेक फाइल १ ते २ जीबी मेमरी खाऊ शकते. १६ कोअर आणि १६ जीबी असलेल्या यंत्रावर अशी १६ कामे एकदम सुटली की मेमरी संपते, कर्नल (प्रणालीचा गाभा) कंपायलरलाच मारतो आणि पडद्यावर ‘किल्ड’ एवढाच शब्द उरतो. कोडमध्ये दोष नसतो. कामांची संख्या निम्मी करावी. याउलट एकेका कामाने बांधणी पूर्ण होते आणि समांतर मात्र अधूनमधून फसते, तेव्हा मेकफाइलमध्ये एखादे अवलंबन लिहायचे राहिलेले असते.

चाचण्या इन्स्टॉल करण्याआधी चालवायच्या असतात. इन्स्टॉलनंतर प्रोग्रॅमला लायब्ररी मिळाली नाही तर ‘एलडीकॉन्फिग’ चालवून लोडरची (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधून जोडणाऱ्या भागाची) यादी ताजी करावी. चालू प्रोग्रॅम वापरत असलेल्या शेअर्ड लायब्ररीवर (जी वेगळ्या फाइलमध्ये राहते आणि प्रोग्रॅम चालताना जोडली जाते) ‘सीपी’ या कॉपीच्या कमांडने नवी फाइल कधीही कॉपी करू नये. त्याने जुन्या फाइलचाच मजकूर बदलतो आणि प्रोग्रॅम मध्येच कोसळू शकतो. ‘इन्स्टॉल’ कमांड आधी जुनी फाइल काढून मग नवी ठेवते, म्हणून ती सुरक्षित.

बायनरी सुसंगतता : लायब्ररी एकदा बांधणे हे दुपारभराचे काम आहे, देखभालीचा खरा भार जुने प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर चालते ठेवण्यात आहे. शेअर्ड लायब्ररीच्या आत ‘एसओनेम’ नावाचे नाव कोरलेले असते आणि तिच्यावर बांधलेला प्रोग्रॅम तेच नाव लक्षात ठेवतो. १९९५ पासून चालत आलेल्या झेडलिब या डेटा आकसणाऱ्या लायब्ररीच्या एसओनेममध्ये आजही १ हाच आकडा आहे. आकडा तोच असेल तर जुना प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल न करता चालेल, असा त्याचा अर्थ. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने २०२१ मध्ये ३.० आवृत्ती काढताना हा आकडा १.१ वरून ३ केला, तेव्हा तिच्यावरचे प्रोग्रॅम नव्याने बांधावे लागले.

हे वचन नकळत मोडते. हेडरमधील स्ट्रक्चरच्या (एकत्र ठेवलेल्या माहितीच्या रचनेच्या) मध्ये एक फील्ड घातले की पुढच्या सगळ्या फील्डच्या जागा सरकतात. नव्याने कंपाइल केलेला कोड बिनतक्रार चालतो, जुनी बायनरी (आधीच कंपाइल झालेला प्रोग्रॅम) मात्र चुकीच्या जागी वाचते. मेंटेनरला (लायब्ररी सांभाळणाऱ्याला) स्वतःच्या यंत्रावर हे दिसतच नाही, कारण तिथे सगळे ताजे बांधलेले असते. उपाय जुनेच आहेत : स्ट्रक्चरचा तपशील हेडरमध्ये न देता फक्त पॉइंटर (मेमरीतील पत्ता) द्यावा, बाहेर न लागणारी सिम्बॉल्स (फंक्शन्स वगैरेंची नावे) लपवावीत आणि रिलीजपूर्वी ‘एबीआयडिफ’सारख्या साधनाने जुनी-नवी फाइल ताडून पाहावी. लिबटूल हे शेअर्ड लायब्ररी बांधायचे साधन वापरणाऱ्यांची एक ठरलेली चूक म्हणजे ‘करंट, रिव्हिजन, एज’ या तीन आकड्यांच्या जागी रिलीजचा क्रमांक लिहिणे. ते आकडे इंटरफेसचे असतात, रिलीजचे नव्हेत.

ग्लिबसी ही लिनक्सवरची मूलभूत सी लायब्ररी एकाच फंक्शनची जुनी व नवी रूपे वेगवेगळ्या सिम्बॉल आवृत्तींनी शेजारी शेजारी ठेवते. त्यामुळे जुन्या प्रणालीवर बांधलेली बायनरी नव्या प्रणालीवर सहसा चालते, उलट मात्र होत नाही. बायनरी वाटणारे म्हणूनच मुद्दाम जुन्या लिनक्स वितरणावर बांधणी करतात.

दोष आणि सुरक्षा : दोष कोणत्या बदलाने शिरला हे शोधण्यासाठी ‘गिट बायसेक्ट’ आहे, १,००० कमिटमधून (नोंदवलेल्या बदलांमधून) सुमारे १० पायऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो. अट एवढीच की मधली प्रत्येक कमिट कंपाइल झाली पाहिजे, आणि घाईच्या कमिट नेमक्या तिथेच नडतात.

एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा ओपनएसएसएलमधील लांबी न तपासण्याचा दोष होता. एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतील ६४ केबीपर्यंत मजकूर बाहेर जाऊ शकत होता. दुरुस्ती १.०.१जी आवृत्तीत आली. दोष बंद करण्यासाठी शेअर्ड लायब्ररी वापरणाऱ्यांना एक पॅकेज बदलून सेवा पुन्हा सुरू करणे पुरेसे होते. पुन्हा सुरू न केलेली सेवा मेमरीतील जुनाच कोड वापरत राहते. ज्यांनी लायब्ररी स्टॅटिक पद्धतीने प्रोग्रॅममध्ये मिसळली होती, त्यांना प्रत्येक प्रोग्रॅम नव्याने बांधावा लागला.

मार्च २०२४ मधील एक्सझेड या फाइल आकसणाऱ्या साधनाचे प्रकरण थेट बांधणीशी निगडित आहे. सुमारे दोन वर्षे नियमित काम करून विश्वास मिळवलेल्या सहमेंटेनरच्या खात्यातून ५.६.० व ५.६.१ या आवृत्तींत मागील दार (गुपचूप आत शिरायची वाट) बसवले गेले. घातक कोड चाचणीच्या फाइलमध्ये दडवलेला होता आणि त्या रिपॉझिटरीतही होत्या. पण बांधणीच्या वेळी तो बाहेर काढणारी एमफोर स्क्रिप्ट (कॉन्फिगर बनवताना वापरली जाणारी) केवळ टारबॉलमध्ये होती. दूरच्या यंत्रात शिरण्याच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे खणत गेलेल्या आंद्रेस फ्रॉइंड यांना ते सापडले. स्वाक्षरीचा इथे उपयोग नव्हता, कारण ती टारबॉल बनवणाऱ्याचीच होती. रिलीजचा टारबॉल गिटच्या टॅगपासून (त्या आवृत्तीची खूण लावलेल्या कोडपासून) पुन्हा बनवून ताडून पाहणे, किंवा टारबॉल बाजूला ठेवून टॅगवरूनच बांधणी करून कॉन्फिगर स्क्रिप्ट स्वतः तयार करणे, हे अशा फरकावरचे उपाय आहेत.