‘12 ए.एम.’ म्हणजे दुपार नव्हे
अकरा ए.एम.नंतर ओळीने बारा ए.एम. येणार, म्हणून ‘12 ए.एम.’ म्हणजे दुपारचे बारा, हा समज कोकणात होडीच्या फलकांपासून लग्नपत्रिकांपर्यंत अजून टिकून आहे आणि तो चुकीचा आहे. ए.एम. आणि पी.एम. ही लॅटिन संक्षिप्त रूपे असून त्यांचे अर्थ अनुक्रमे मध्यान्हापूर्वी आणि मध्यान्हानंतर असे आहेत. मध्यान्हाचा नेमका क्षण काटेकोरपणे पाहिल्यास दोहोंतही बसत नाही. पण 12 वाजून 1 मिनिट ही वेळ निःसंशय मध्यान्हानंतरची असल्याने, रूढ संकेताप्रमाणे दुपारचे बारा म्हणजे 12 पी.एम. आणि मध्यरात्रीचे बारा म्हणजे 12 ए.एम. (हा मध्यान्ह घड्याळाचा, भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरत असल्याने रत्नागिरीत सूर्य मध्यावर येईपर्यंत सरासरीने साडेबारा उलटून जातात.)

म्हणून ‘द बोट लीव्ज ॲट ट्वेल्व्ह पी.एम.’ हे वाक्य दुपारच्या होडीसाठी बरोबर आहे; तरी फलकावर ‘ट्वेल्व्ह नून’ लिहावे असे मला मनापासून वाटते, कारण त्यात शंकेला जागाच उरत नाही. ‘टेन ए.एम. इन द मॉर्निंग’ ही मात्र द्विरुक्ती आहे.

खरे नुकसान होते ते मध्यरात्रीच्या गाडीच्या बाबतीत. आपल्या बोलण्यात शुक्रवारची रात्र पहाटेपर्यंत शुक्रवारचीच राहते, तर रेल्वेच्या 24 तासांच्या वेळापत्रकात 00:00 वाजता तारीख बदलते. त्यामुळे शुक्रवारी रात्री साडेबाराला, म्हणजे 12:30 ए.एम.ला, कुडाळहून गाडी पकडायची असेल, तर आरक्षण शनिवारच्या तारखेचे करावे लागते.