माल्टातील युरोपीय संसदेची निवडणूक

भूमध्य समुद्रातील माल्टा हे द्वीपराष्ट्र युरोपीय संसदेवर दर पाच वर्षांनी सहा सदस्य निवडून पाठवते. ही निवडणूक प्रत्यक्ष सार्वत्रिक मतदानाने, एकल संक्रमणीय मतपद्धतीने (मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो आणि गरजेनुसार त्याचे मत पुढील पसंतीकडे वळते) होते आणि तिच्यासाठी माल्टा व गोझो या मुख्य बेटांसह सारा देश हा एकच मतदारसंघ धरला जातो.

युरोपीय संघाच्या करारानुसार कोणत्याही सदस्यराष्ट्राला सहापेक्षा कमी आणि 96 पेक्षा जास्त जागा मिळत नाहीत. लोकसंख्या वाढते त्या मानाने जागा मात्र कमी प्रमाणात वाढतात, त्यामुळे माल्टाच्या एका सदस्यामागे नव्वद हजारांच्या आसपास, तर जर्मनीच्या एका सदस्यामागे आठ लाखांहून अधिक लोकसंख्या येते. ही विषमता हेतुपुरस्सर ठेवलेली आहे. केवळ लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणी केली असती, तर पाच लाखांच्या या देशाला 720 सदस्यांच्या सभागृहात जेमतेम एक जागा मिळाली असती, आणि एका जागेतून देशातील मतभेदांचे प्रतिनिधित्व होऊच शकत नाही.

माल्टा 1 मे 2004 रोजी संघात सामील झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये तेथे युरोपीय संसदेची पहिली निवडणूक झाली. त्या वेळी जागा पाच होत्या. संघाची रचना व नियम बदलणाऱ्या लिस्बन करारामुळे वाढलेली सहावी जागा 2009 च्या निवडणुकीच्या निकालाच्या आधारे लेबर पक्षाचे जोसेफ कुस्किएरी यांच्याकडे गेली, मात्र त्यांना प्रत्यक्ष पदग्रहण करण्यासाठी 2011 च्या अखेरीपर्यंत थांबावे लागले.

निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या तत्त्वावर व्हावी असे बंधन संघाने सर्व सदस्यराष्ट्रांवर घातले आहे. तथापि पक्षांच्या याद्या (मत पक्षाने दिलेल्या उमेदवारांच्या यादीला जाते) वापराव्यात की संक्रमणीय मत, हे ठरवण्याची त्यांना मुभा आहे. बहुतेक देशांत याद्यांची पद्धत आहे. माल्टाने आणि आयर्लंडने संक्रमणीय मत स्वीकारले असून माल्टाच्या स्वतःच्या संसदेसाठी ते 1921 पासून वापरात आहे. मतदार उमेदवारांच्या नावांसमोर 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहितो. राज्यसभेच्या किंवा महाराष्ट्र विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार ज्या रीतीने मत देतात तीच ही रीत. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की येथे ती प्रत्येक सामान्य नागरिकाच्या हाती आहे.

विजयासाठीचा कोटा काढताना एकूण वैध मतांना जागांच्या संख्येत एक मिळवून येणाऱ्या आकड्याने, म्हणजे सहा जागांसाठी सातने, भागतात आणि भागाकाराच्या पूर्णांकात एक मिळवतात. 2024 मध्ये हा कोटा सुमारे 37,000 मतांचा होता. नॅशनॅलिस्ट पक्षाच्या रोबेर्टा मेत्सोला यांना पहिल्या पसंतीची 87,000 हून अधिक मते मिळाली, म्हणजे दोन कोटे भरूनही मते उरत होती. अशी कोट्यावरची मते वाया जात नाहीत. ती पुढील पसंतीनुसार इतर उमेदवारांकडे वळवली जातात. पुरेसे उमेदवार कोटा गाठत नसतील, तर सर्वांत कमी मतांच्या उमेदवाराला बाद करून त्याची मतेही तशीच पुढे जातात. मोजणी नश्शार येथील केंद्रात होते. 2019 पासून मतपत्रिका यंत्राने वाचल्या जातात, मतदान मात्र कागदावरच होते.

या पद्धतीमुळे पक्षश्रेष्ठींच्या हातातील एक मोठे साधन काढून घेतले जाते. पक्ष उपलब्ध जागांपेक्षा अधिक उमेदवार उभे करू शकतो, पण त्यांतील कोण ब्रुसेल्सला जाणार हे मतदार ठरवतो. परिणामी खरी चुरस पुष्कळदा एकाच पक्षाच्या उमेदवारांमध्ये लागते. पक्षांच्या सीमा ओलांडण्याची मोकळीक मतदाराला आहे, परंतु बहुसंख्य मतदार आपले क्रमांक एकाच पक्षाच्या उमेदवारांत संपवतात. म्हणूनच 2004 मध्ये हरित पक्षाचे आर्नोल्ड कासोला यांना पहिल्या पसंतीची सुमारे नऊ टक्के मते मिळूनही जागा मिळाली नाही: पाच जागांचा कोटा सुमारे 16.7 टक्क्यांचा होता आणि ती दरी भरून निघेल इतकी मते अन्य पक्षांकडून आली नाहीत. लेबर व नॅशनॅलिस्ट या दोन पक्षांबाहेरचा एकही उमेदवार आजवर निवडून आलेला नाही. 2024 मध्ये दोघांना प्रत्येकी तीन जागा मिळाल्या.

मतदानाचा हक्क वयाच्या 16 व्या वर्षी मिळतो. हा बदल 2018 मध्ये झाला आणि युरोपीय निवडणुकीत तो 2019 पासून लागू आहे. माल्टात राहणाऱ्या संघाच्या अन्य देशांच्या नागरिकांनाही नोंदणी करून मत देता येते. मतदान सक्तीचे नसूनही 2004 मध्ये ते 80 टक्क्यांच्या वर होते. नंतर घटले, तरी 2024 मध्येही 70 टक्क्यांहून अधिक म्हणजे संघाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त राहिले.

मध्येच जागा रिकामी झाली, तर नव्याने मतदान न घेता, पायउतार झालेल्या सदस्याला निवडून देणाऱ्या मतपत्रिका पुन्हा तपासतात आणि मूळ निवडणुकीत पराभूत होऊन आता अर्ज भरलेल्या उमेदवारांपैकी कोणाला पुढील पसंती आहे ते पाहतात. मेत्सोला 2004 आणि 2009 मध्ये हरल्या होत्या. सायमन बुसुत्तिल राष्ट्रीय संसदेत गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर त्या 2013 मध्ये याच मार्गाने आल्या आणि जानेवारी 2022 मध्ये युरोपीय संसदेच्या अध्यक्ष झाल्या.